ड्रोनवर बसलेलं मोहळ

दिग्विजय : अंकिता, पंखे चालू कर म्हणतोय मी. एक झटका बसला की उडून जात्यात सगळ्या.

अंकिता : उडून न्हाय, चिरडून जात्याल. पात्यावरच लोंबकळत्यात, बघा की. ड्रोन हितं लिंबाखाली ठिवून मी बागेत चक्कर मारून आले, तर ड्रोन दिसेनाच. नुसत्या माश्या.

दिग्विजय : मग धूर कर. न्हायतर तेच औषध मार थोडं त्यांच्यावर. मला आज डाळिंब फवारून पायजे.

अंकिता : तुमी फोनवर म्हणला, फुलं झडली. मी बघून आले. सगळी बाग फुलावर हाय. मी उडवणार न्हाय, हे मघाशीच सांगितलं. आणि ह्या माश्यांना हात लावायचा न्हाय. आत्यांना फोन केलाय.

दिग्विजय : सासूला? तुझ्या ड्रोनचं नाव काढलं की मायाक्काकाकू तोंड फिरवून बसत्यात. त्या कशाला येत्यात?

अंकिता : मग काय करू? आधी ट्रेनिंगच्या सरांनाच लावला होता. म्हणलं, सर, ड्रोनवर मोहळ बसलंय. तर ते म्हणले, तू सांगोल्याची, मोहोळ गावाला कशाला गेलीस?

दिग्विजय : हसवू नको गं. हितं माझा जीव खालीवर व्हतोय.

अंकिता : खरंच सांगते. मोहळ म्हंजी माश्यांचं, असं सांगितलं, तर म्हणले, हा बिघाड आपल्याला शिकवलेला न्हाय.

मायाक्का : कुटं हाय?

अंकिता : आत्या, हितं. जपून या. आणि ही पेटी कुठनं आणली? तुमी तर सगळ्या मधपेट्या मोडून चुलीत घातल्या म्हणला होता.

मायाक्का : ही एक राहिलीवती. धुवून पुसून माळ्यावर ठिवलीवती.

अंकिता : मला कधी दिसली न्हाई.

मायाक्का : दिसाय नगं म्हणूनच माळ्यावर. सरक जरा. आगं बया, केवढं हाय हे. सातेरी माशी हाय गं, पेटीत ऱ्हाणारी. द्राक्षाच्या घडागत गच्च बसलीया.

दिग्विजय : काकू, लांबनं बघा. चावत्याल.

मायाक्का : आत्ता न्हाय चावत. जुनं घर सोडताना पोटभर मध पिऊन निघत्यात. जेवून सुस्तावलेल्या वऱ्हाडागत असत्यात. तू तेवढं ओरडू नगं.

दिग्विजय : मग उचला लवकर. मला फवारायचंय.

मायाक्का : फुलावर? वारं सुटलंय, तरी?

दिग्विजय : फुलकिडे आल्यात काकू. शेतीच्या ॲपनं सांगितलं, आजच मारा, न्हायतर बहार हातचा गेला.

मायाक्का : गेल्या साली ते भाड्याचं ड्रोन बी असंच आलंवतं. बटण दाबलं आन् ती माणसं सावलीत मोबाईल बघत बसली. ड्रोन आपलं एकटंच फिरतंय. कुणाचं रान, कुठलं वारं, त्याला काय कळतंय? केराबाई शेजारी खुरपत व्हती, तिचं डोळं सुजून भाकरीएवढं झालं, दवाखान्यात ठिवाय लागलं. आन् सांजच्याला माझ्या पेट्यांम्होरं माश्यांचा सडा. सुपात भरला मी. सुपात.

दिग्विजय : ते बाहेरचं लोक व्हतं काकू. ही तुमची सून हाय. हिचं तर उलटंच. फुलं असली की उडवणार न्हाय, वारं असलं की उडवणार न्हाय, शेजारच्या रानात माणूस असलं की उडवणार न्हाय. मग त्या ड्रोनला काय हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठिवायचं?

मायाक्का : असं म्हणाली ही?

दिग्विजय : मघापासनं दुसरं काय बोलतीया?

अंकिता : उडवणार की. वेळ बघून, जागा बघून. आत्या, हे पाठीवर पंप घिऊन फवारायचे तवा अंगभर औषध ठिबकायचं. ताटावर बसले की मळमळायचं, घास उतरायचा न्हाय. ते बघवंना म्हणून शिकले मी. माश्या मारायला न्हाय शिकले.

मायाक्का : माझ्या युवराजचं म्हणतीस. व्हय, लई वंगाळ व्हायचं त्याला. पर हे तू मला कदी बोलली न्हाईस.

अंकिता : तुमी बोलू कुटं दिलं?

मायाक्का : तेबी खरंच हाय.

अंकिता : दिगूभाऊ, एक विचारू? किडे तुमी डोळ्यांनी बघितले का?

दिग्विजय : ॲपनं सांगितलं म्हणलं की. ह्या भागातल्या बागांवर लई आल्यात.

अंकिता : तुमच्या बागंवर? असं करा, फुलाखाली तळहात धरा आणि फूल झटका. पडतंय का बघा.

दिग्विजय : हे बघ. हितं... एक पडला. हितं कायच न्हाय. थांब, दुसरं झाड बघतो. न्हाय. हितं बी न्हाय. च्यायला.

मायाक्का : औषध कोण इकतं रं?

दिग्विजय : ॲपवालंच. घरपोच देत्यात.

मायाक्का : हाटेलवाल्याला इचारलंस, मला भूक लागलीय का, तर तो न्हाय म्हणल व्हय?

दिग्विजय : काकू, तुमी बी लई चेष्टा करता.

मायाक्का : बरं, वारं जरा पडलंय. अंकिता, ते यंत्र अचानक सुरू तर न्हाय ना व्हायचं?

अंकिता : बॅटरी काढून ठिवलीय.

मायाक्का : मग पेटी धर खाली. अशी, तोंड वर करून.

अंकिता : मी?

मायाक्का : मग कोण, ॲप? धर. मी दांडीला हळूच झटका देते. श्वास रोखू नगं, गाणं म्हण पायजे तर.

अंकिता : आत्या, मनगटावर आल्या. गुदगुल्या व्हत्यात.

मायाक्का : व्हऊ दे. तुझी वळख काढत्यात. हं... पडला घड. आता झाकण घालून पेटी हळूच भुईवर ठिव. राणी आत गेली का ते आत्ता कळंल.

दिग्विजय : कसं कळंल?

मायाक्का : ते बघ, दारात उभ्या राहून पंख हलवाय लागल्या. मागल्यांना सांगावा धाडत्यात, घर घावलं म्हणून. आता बघ कशा रांगंनं निघाल्या.

अंकिता : चालत चालल्यात. उडत बी न्हाईत. आत्या, किती ऐटीत.

मायाक्का : मांडवात शिरल्यागत. लई दिवसांनी बघितलं गं हे.

दिग्विजय : काकू, पेटी माझ्याच बागंत ठिवा की. फळ चांगलं धरंल.

मायाक्का : आन् तुजं औषध?

दिग्विजय : अंकिता म्हणंल तवा. आन् म्हणंल तरच.

अंकिता : लिहून देता का?

दिग्विजय : तुझ्या सासूम्होरं बोललोय, लिवायचं काय ऱ्हायलं?

मायाक्का : आधी घरी नेते, चार दिस रुळू दे. मग बघू तुझी बाग.

(दिवेलागणीला, स्कूटीवर.)

अंकिता : ड्रोन त्यांच्या शेडमध्येच ठिवलाय. उद्या येऊन नेते.

मायाक्का : मी बी येते. कसं उडतंय ते बघायचंय मला.

अंकिता : खरं?

मायाक्का : मग काय खोटं? औषध नगं, नुसतं पाणी घालून उडीव.

अंकिता : बसला का नीट?

मायाक्का : बसले. हळू घे गं. मांडीवर बिऱ्हाड हाय.