कोणत्या कुशीवर झोपता?

अध्यक्षस्थानी असलेले रुग्णालयाचे अधीक्षक, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई, आणि माझ्यासारखाच त्वचेचा कर्करोग काढून घेतलेल्या, चेहऱ्यावर टाक्यांची खूण मिरवणाऱ्या बंधुभगिनींनो! "तुम्हाला त्यातलं कळणार नाही," हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा इथे कुणी आहे का? चेहरा आपला, आणि कळणार मात्र दुसऱ्यालाच!

माझ्या नाकपुडीवरची गाठ दुसऱ्या रुग्णालयात काढली. खड्ड्यावर नुसती कातडी बसवली. दिसायला झकास! पण जोरात श्वास घेतला की नाकपुडी आत ओढली जाऊन बंद. तीस वर्षं कामगारांच्या सभा गाजवणारा मी, वाक्याच्या मध्यावर धापा टाकू लागलो. विचारलं, तर उत्तर मिळालं, "होतं असं."

मग बाईंच्या गुरुवारच्या प्रश्नांच्या तासाला आलो. शस्त्रक्रियेआधी घरच्या माणसासह बसायचं आणि हवं ते विचारायचं, ही त्यांची पद्धत. कानातला तुकडा काढून नाकपुडीत बसवायचा, असं त्यांनी सुचवलं. मी विचारलं, "नाकासाठी कानच का?"

"कानाची वाटी दाबून बघा."

दाबली. वाकली, सोडताच पूर्ववत!

"नाकपुडीला असाच लवचीक आधार हवा. वाटीतली थोडी कूर्चा, म्हणजे हे मऊ हाड, काढली तरी कान तसाच दिसतो, ऐकूही तेवढंच येतं."

"तेवढंच म्हणजे काहीच नाही," आमच्या मंडळी म्हणाल्या.

बाई हसल्या. "कोणत्या कुशीवर झोपता? टाक्यांवर भार नको."

मी ठणकावलं, "डाव्या!"

"काहीतरीच! उजव्या. लग्नापासून यांची पाठ बघतेय मी."

झालं, डावा कान ठरला. एवढी पुस्तकं पालथी घातली, पण स्वतःची कूस ठाऊक नव्हती! आज सलग बोलतोय, तो त्याच कानाच्या जोरावर.

आता ऐकतो की बाई गेल्यावर हा तास बंद, त्याऐवजी छापील पत्रक. का, तर गेल्या गुरुवारी तिघेच आले. अधीक्षकसाहेब, पत्रक उलटा प्रश्न विचारतं का? पण दोष आमचाही आहे. बरे झालो आणि तिकडे फिरकलोच नाही.

बाई, तुमचे मनापासून आभार. माझा आवाज चढला असेल, तर सभेने सांभाळून घ्यावं. आणि मित्रहो, येत्या गुरुवारी सकाळी दहाला, ड्रेसिंगशेजारच्या खोलीत, प्रत्येकाने घरचं एक माणूस आणि एक प्रश्न घेऊन यायचं. खुर्ची मिळाली नाही, तर उभं राहायचं!