पथक सोडण्याचं पत्र

...आणि वर मलाच विचारायचे, "अगं, माझा स्कार्फ इस्त्री केलास का?" आता काय बोलायचं ह्यावर! तुम्हाला सांगते, अकरा वर्षं मी तो हिरवा स्कार्फ इस्त्री केला आणि अकरा वर्षं एकच वाक्य ऐकलं, "एवढं शिबिर होऊ दे, मग सोडतो." शिबिर व्हायचं, चिखलाचे बूट घरात यायचे, तंबू आमच्या गॅलरीत वाळत पडायचे, हे काही सोडायचे नाहीत!

सुरुवात कशी झाली माहितीये? आमची धाकटी आठ वर्षांची होती, तिला स्काउटच्या पथकात घातलं, आणि पहिल्या शनिवारी हे तिला सोडायला गेले. नुसतं सोडायला हो! चूक एवढीच झाली की गाडीतून खाली उतरले. शहाणे आईबाप उतरत नाहीत. दार उघडतात, मूल खाली, बॅग खाली, की गाडी वळणाआड! हे उतरले. तेव्हाचे पथकप्रमुख म्हणजे एक बेकरीवाले काका, बोलणं असं की साखर फिकी पडावी. म्हणाले, "साहेब, तंबूचं हे टोक जरा धरता?" ह्यांनी धरलं. झालं! ते टोक ह्यांच्या हातून अकरा वर्षं सुटलं नाही.

धाकटी? ती तीन महिन्यांत बाहेर! "बाबा, मला तिथे बोअर होतं." सुटली. ती कॉलेजात गेली तरी बाप शनिवारी अर्ध्या चड्डीत शिट्टी वाजवतच होता.

बरं, सोडायला ह्यांना नको होतं असंही नाही. पण पथक सोडायलाही रांग असते, आणि आमचे हे रांगेत कायम दुसरे! आधी बेकरीवाले काका सुटले. "गुडघे गेले हो, आता जमत नाही." पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी लग्नात असले नाचले ते, असले नाचले की वाजवणारे दमले! मग आले एक दातांचे डॉक्टर, मोठ्या उत्साहाने. त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, वर चौदा फॉर्म भरायला दिले. चौथ्या दिवशी फोन, "अहो, मी माणसाचा जबडा उघडतो, त्यालासुद्धा एवढे कागद लागत नाहीत!" गेले. मग एक तरुण शिक्षिका आली. तिच्याबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. पोरांचा फार जीव होता तिच्यावर. एक अख्खा दिवस उन्हात उभं राहून तिनं पोरांकडून दोराचा पूल बांधून घेतला, आणि संध्याकाळी एका मुलाचा बाप, कोपर जरासं खरचटलं म्हणून, सगळ्यांसमोर तिच्या अंगावर ओरडला, "तुम्हाला पोरं सांभाळता येत नाहीत तर घेता कशाला?" तिनं शिट्टी टेबलावर ठेवली आणि गेली. बाकीचे आईबाप? गाडीत बसून मोबाइल बघत होते.

म्हणजे मागे राहिलं कोण? आमचं ध्यान!

मी म्हटलं, "अहो, आता तुम्हीही सोडा." "एवढं शिबिर होऊ दे..." तसं पत्र लिहून ठेवलं होतं ह्यांनी. 'वैयक्तिक कारणास्तव' वगैरे. चार वर्षं कपाटाच्या खणात. दरवर्षी काढायचे, जुनी तारीख खोडायचे, नवी घालायचे, परत खणात. तारखांचीच अर्धी ओळ झाली होती!

शेवटी ह्या वर्षी पाठ गेली. तंबूची पेटी उचलायला वाकले ते वाकलेलेच घरी आले. डॉक्टर म्हणाले, महिनाभर सपाट पडून राहा आणि वजन उचलणं कायमचं बंद. मी म्हटलं, बास. "द्या इकडे ते पत्र, मी नेऊन देते." कारण मी कोण? पाणीपुरवठा ऑफिसच्या तक्रार खिडकीवर बावीस वर्षं बसलेली बाई! आलेल्या माणसाला परत पाठवणं हा तर माझा हातचा मळ! हे पडल्या पडल्या म्हणाले, "तुला जमायचं नाही." मला? मला जमायचं नाही?

ठरलं असं की शनिवारी चार वाजता स्काउटच्या मुख्य कार्यालयातल्या बाई पथकाच्या हॉलवर येणार, मी त्यांच्या हातात पत्र नि किल्ल्या देणार आणि साडेचारला घरी. पथक नाही म्हणून सगळ्या पालकांना निरोप धाडला होता. मी साडेतीनला पोचते तर काय? पायऱ्यांवर सोळा पोरं! निरोप एकानंही वाचलेला नाही! गाड्या केव्हाच वळणाआड. एका आईला फोन लावला तर म्हणते, "दोनच तास आहे ना हो? तुम्ही आहात ना तिथे?" आहे! आहे म्हणजे काय, मी सापडलेय!

ऊन मी म्हणत होतं, म्हणून हॉल उघडला. तुम्हाला सांगते, एका मिनिटात एक जण कपाटावर, दोघं तंबूच्या पिशवीत, आणि पिशवी जमिनीवरून लोळतेय! माझं डोकं फिरलं. मी आपली खिडकीवरची आरोळी ठोकली, "एका वेळी एक! रांगेत!" आणि काय सांगू... रांग लागली. बावीस वर्षांत माझ्या खिडकीसमोर एक सरळ रांग लागली नाही, इथे तीन लागल्या!

त्यातून एक किडकिडीत मुलगी पुढे आली. तिला सगळे टकळी म्हणतात, तोंड मिटतच नाही. "सर कुठायत?" म्हटलं, सरांची पाठ दुखतेय. "मग माझी गाठ कोण बघणार? आज माझी परीक्षा आहे. महिनाभर खाटेच्या पायाला बांधतेय मी." म्हटलं, बाई गं, मला गाठीतलं काही कळत नाही. तर म्हणते, "सर पण सांगत नाहीत काही. ते नुसतं विचारतात, ही बरोबर की ती? आणि आम्ही सांगेपर्यंत थांबतात."

आता बघा. आमचे हे चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतात. दिवसभर अंधाऱ्या खोलीत तेच, "हे स्पष्ट दिसतं की ते?" गिऱ्हाईक उत्तर देतं आणि उठून जातं, ह्यांच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. घरी येऊन बोलायला लागले की मी म्हणायची, आधी जेवून घ्या. आणि इथे सोळा जणं ह्यांच्या प्रश्नाची वाट बघत होती... मी उगाच टेबल पुसायला घेतलं. धूळ फार हो त्या हॉलमध्ये.

टकळीनं बाकाला दोर बांधला. "ओढा." मी ओढला. "जोरात!" मी अंग टाकून ओढला. माझं वजन मी तुम्हाला सांगणार नाही, पण बाक सरकला आणि गाठ जागची हलली नाही.

तेवढ्यात बाई आल्या. हसतमुख, काखेत जाडजूड फाइल. मी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, म्हणाल्या, "अरेरे. मग पथक बंद." असं म्हणाल्या, जसा दिवा बंद! फाइलमधून पथक बंद करण्याचा एक गुलाबी फॉर्म काढला, म्हणाल्या, "सरांच्या वतीने इथे सही करा. नाहीतर नवीन माणूस मिळेपर्यंत तात्पुरतं दुसऱ्या कुणाचं नाव लागेल." टकळीसुद्धा गप्प! सोळा जणं माझ्याकडे बघताहेत... आणि माझ्या तोंडून, तुम्हाला सांगते, नुसत्या सवयीनं, बावीस वर्षं तोंडात बसलेलं वाक्य बाहेर पडलं, "ठेवून जा, बघते."

अहो, आमच्या ऑफिसात 'बघते' म्हणजे कुणीही बघणार नाही! पण ह्या बाईंनी शब्दशः घेतलं हो! फॉर्म परत आत, दुसरा बाहेर, माझं नाव लिहूनसुद्धा झालं!

घरी आले. हे सपाट पडलेले. "दिलंस पत्र?" म्हटलं, दिलं. "मंजूर?" मंजूर. भिंतीकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाले, "टकळीची गाठ टिकली का गं?" म्हटलं, टिकली. "आणि नवीन कोण मिळालं?" मी सांगितलं. असे हसले, असे हसले की पाठ पुन्हा धरली आणि महिन्याचे दोन महिने झाले!

ह्याला आता सात महिने होताहेत. मुख्य कार्यालयाचा शोध चालूच आहे. ते चौदा फॉर्म मी एका बैठकीत भरले, शेवटी ऑफिसातली बाई आहे मी, आणि तिथेच फसले, आता कोण सोडतंय मला! उद्या पहाटे शिबिराला निघायचंय. सोळा पोरं, चार तंबू, मदतीला कुणी नाही. मघाशी ह्यांना म्हटलं, जरा याद्या तरी वाचून दाखवा, तर म्हणाले, "तू जपून जा हं," आणि भरदुपारी उशी ओढून घोरायला लागले. इतकं गाढ, इतकं निवांत... अकरा वर्षांत अशी झोप बघितली नव्हती मी त्यांची.

जाऊ दे. घरातला एक तरी माणूस सुटला.