पिकपला जे ऐकू येत नाही

आम्ही मूळचे दख्खनचे, पण कुठल्या गावचे ते विचारू नका, माझ्या सासऱ्यांनाही सांगता यायचं नाही, कोणी पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आले आणि इथे उत्तरेत शिंदे की छावनीतच राहिले, बस. तलवारी गेल्या, नोकऱ्या आल्या, आणि आमच्या ह्यांनी तर गिटार धरली. दिवसा दफ्तरात बाबू, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. लग्नं, गणपती, मुरारला फौजी लोकांच्या पार्ट्या, सगळीकडे हे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई बोलल्या, सवत आधीच घरात आहे हो, सांभाळून घे. काय सांगू तुम्हाला, जन्म गेला सांभाळण्यात, तिचं कव्हर मी शिवायचं, पावसात छत गळलं की ती खाटेवर आणि आम्ही खाली.

जुन्या वळणाची आहे ती, पोकळ पोटाची, नुसतीही वाजते आणि वायर लावूनही. तारांच्या खाली पिकप आहे, त्यात लोहचुंबक असतं, ते फक्त तारेचा आवाज उचलतं, लाकडाला नख लागलं तर त्याला पत्ताच नाही. मला कशाला माहीत असायला हवं हे, पण पोळ्या लाटता लाटता कानावर पडतंच ना.

मग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर बोलले, हे वाढतच जाणार. तार छेडायला गेले की नख लाकडावर टकटक आपटायचं, म्हणून लोकांसमोर वाजवणं बंद केलं. एक दिवस मला बोलले, अगं, एकदा रेकॉर्डिंग करून ठेवायचं आहे, पिकपवरून, म्हणजे हात कसा झालाय ते कोणाला कळणार नाही. बघा, सगळ्या आयुष्यात एवढंच मागितलं त्यांनी.

नितीन, आमचा मुलगा, इंदूरहून सुट्टी काढून आला, मुरारला एक स्टुडिओ ठरवला. आणि हे दुपारी झोपलेले असताना ह्या शहाण्याने जुन्या तारा कापून कचऱ्यात टाकल्या आणि नव्या चढवल्या, सोनेरी. आई, देख कैसे चमक रहे हैं, बाबा खूश होतील. झालं. स्टुडिओत वायर लावली तर दोन बारीक तारा किंचाळतायत आणि जाड्या चार जणू घसा बसलेल्या. स्टुडिओवाला बोलला, आंटी, ये ब्रॉन्ज के हैं, मैगनेट इनको ठीक से पकड़ता नहीं, इसमें स्टील वाले लगते हैं. नितीनचं तोंड एवढंसं झालं. तसाच धावत बाड्यावरच्या बाजारात जाऊन आला, दोन दुकानं बघितली, तशा तारा नाहीत. रात्रीच्या गाडीने त्याला परत जायचं होतं.

मग स्टुडिओवाल्याने समोर माइक ठेवला. हे माइककडे बघत बसले, मग नितीनकडे बघितलं, आणि बोलले, चलो भाई. मुलासाठीच वाजवलं हो, मला काय कळत नाही? त्या माइकने सगळं उचललं, टकटक, श्वास, खुर्चीची करकर. परत लावून दाखवलं तर हे हसून बोलले, ये कौन बुड्ढा बजा रहा है. सगळे हसले. मला नाही हसायला आलं.

नितीनने नंतर स्टीलच्या तारा पाठवल्या, ह्यांनी लावून घेतल्याही, पण तोवर हाताने साथ सोडली होती. म्हणजे आता तेवढंच एक रेकॉर्डिंग. हे ऐकायचे नाहीत, माझ्यासमोर त्याचं नाव काढू नकोस म्हणायचे. मी मात्र फोनवर लावते, हे हजामत करायला गेले की. थकते हो मी पण, ह्यांना बटणं लावून द्या, घास भरवा, आणि वर ह्यांचा राग सोसा. ते ऐकलं की जरा बरं वाटतं. मला ती टकटकच आवडते, खरं सांगते, ऑर्केस्ट्रात तर ह्यांच्यासारखे किती वाजवायचे, ही टकटक फक्त माझ्या माणसाची.

परवा हे लवकर परत आले. मी फोन बंद करायला गेले तर दारातूनच बोलले, राहू दे. उभे राहून सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. मग खुर्चीत बसले आणि बोलले, अगं, पुन्हा लाव.

मी लावलं. बस, आता देवाकडे आणखी काय मागू. तुमच्या घरातली माणसं तुम्हाला पुष्कळ वर्षं ऐकू येवोत.