विळा लागला म्हणून सांग

तुमच्याकडे दिवाळीला काय देतात रे? आमच्या तळेगावच्या कारखान्यात एकदा कुकर दिले. अट एकच, वर्षभरात एकही अपघात व्हायला नको. झाला तर कुणालाच काही नाही.

दिवाळी तोंडावर आली आणि भाजे गावच्या शांतारामभाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. भाऊ माझ्यासारखेच कंत्राटी. मी फडकं गुंडाळत होतो, तर म्हणतात, "बोंबलू नगंस. समद्यांचा कुकर जाईल, आन् कंत्राटदार मला उद्या गेटातनंच परत धाडंल. भात कापताना विळा लागला म्हनून सांग."

गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं आणि तेच सांगितलं. डॉक्टर जखम पुसता पुसता म्हणाले, "विळ्याला ग्रीस लावता का तुम्ही?"

भाऊ म्हणाले, "व्हय. गंजतोय ना."

कापणीची रजा काढून भाऊ घरी बसले, ते थेट कुकर वाटायच्या दिवशीच आले. उजवा हात खिशात. साहेबांनी कुकर पुढे केला, तसा भाऊंनी डावा हात पुढे केला.

साहेब हसून म्हणाले, "अहो, दोन्ही हातांनी धरा की! शून्य अपघाताचा फोटो आहे."

भाऊंनी खिशातला हात काढला नाही. आम्ही सगळे आपापला कुकर पोटाशी धरून खाली बघत होतो.