दोघांचीच परतीची तिकिटं

बडोदा स्टेशनवर, तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते.

“मोहना, आधी खडकवासल्याला जाऊन अकादमी बघू, मग कळवू. न बघता स्थळाला होकार देतं का कुणी?”

“आई तरी कुठे बडोदं बघून आली होती? तुमचा फोटो बघून हो म्हणाली.”

“म्हणूनच सांगतोय, बघून घ्यावं.”

“बाबा, होकार आजच कळवायचाय. बघायला कशाला, रुजू व्हायलाच जाऊ.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते. कळवू?”

खिडकी आली.

“बोलो काका, केटली टिकिट?”

“पुणेनी त्रण.” बाबांनी तीन बोटं दाखवली.

“रिटर्न पण त्रण?”

“ना भाई, बे ज. आ मारी मोहना त्यां रहेशे. लश्करमां ऑफिसर बनशे!”

“बाबा, हळू बोला ना.”

“का? मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.”