पाळणाघराच्या फाटकात

…नाही हो मावशी, पगार तुमचा वाढायलाच हवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही — मी रात्रभर जागी होते ती भलत्याच काळजीनं. ही माझी लेक, आत्ता तुमच्या मांडीवर चढून बसलीय ती, दिवसभरात तुम्ही दिसला नाहीत तर रात्री झोपेल का? झोपली — पण कशी? माझ्याकडे पाठ करून. आणि झोपेत हाक कुणाला? तुम्हाला! माय मरो, मावशी जगो — ही म्हण कुणा मावशीनंच काढली असणार. हसताय? तो फलक जरा खाली घ्या ना, तुमचं तोंडच दिसत नाही.

खरं सांगू? परवा तुम्ही सगळ्याजणी पाळणाघराच्या या फाटकात धरणं धरून बसलात ना, तेव्हा मला आतून बरंच वाटलं — रजा टाकली, म्हटलं, आता लेक माझी. आणि लेक काय करते? घास गालात धरून बसते — ‘मावशी असं नाही भरवत.’ केस विंचरले तर ‘मावशीचा भांग सरळ असतो.’ बाळंतपणाआधी इतकी पुस्तकं वाचली मी — अधोरेखित करून, हो! — एकातही मावशी नावाचा धडा नव्हता.

आज रजा संपली. मालकीणबाईंनी आत बदली बाई आणून बसवलीय, आणि तुम्ही म्हणताय मुलं आत सोडू नका, आमचा संप फुटेल. कळतं मला. पण मी सोडणार. ऑफिस आहे म्हणून — म्हणजे ऑफिस आहेच, पण नसतं तरी सोडली असती. का म्हणजे? ती बाई हिला लळा लावणार नाही! संध्याकाळी मी दारात दिसले की ही धावत माझ्याकडे येईल — रडत का होईना, पण माझ्याकडे…

झालं. बोलून बसले. असं बघू नका माझ्याकडे. तुमच्या पोटावर पाय द्यायचा नव्हता मला — आणि हे काय, पाय का आवरून घेतलेत? मगाशी त्या जुळ्यांच्या बापाला अडवलंत, मग मलाच वाट कसली देताय? अडवा की! भांडा माझ्याशी!

राहू दे. चल गं पिल्लू, उतर मावशीच्या मांडीवरून. उतर म्हणते ना — काय? नीट बोल… ऐकलंत मावशी? काय म्हणतेय ती मला, ऐकलंत? — ‘आई, तू जा आत. रडायचं नाही हं. मी येते ना संध्याकाळी तुला न्यायला.’