डोक्यातला गुंता

जालन्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या संतोषबाईंच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“तृप्ते, बिमार तू. मंग मला हसनाबादहून कशाला बोलावलं?”

“माझ्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला, दादा. दहा वर्षं तू ज्या डोकेदुखीला कामचुकारपणा म्हणायचा, तिच्यावर डॉक्टर संशोधन करून राह्यले. घराण्यात उतरतं म्हणं, म्हणून भावाचंबी रक्त पाहिजे.”

“मला काय धाड भरली?”

“बिलकुल न्हाई. तुझं डोकं वापरात कुठं हाये!”

दादा हसला नाही.

“दिवाळीपासून लई दुखून राह्यलं. उजव्या डोळ्यानं अंधुक दिसतं. कोणाला बोललो न्हाई.”

तृप्तीनं आपली नंबराची चिठ्ठी त्याच्या मुठीत कोंबली.

“ऊठ. आधी तू जा.”